पट्टी परत करताना

साहेबांनी तांडेलांना शाल-श्रीफळ दिलं. "अख्ख्या नोकरीत आजारपणाची एकही रजा नाही," ते कौतुकाने म्हणाले. टाळ्या वाजल्या. तांडेलांना विशेष काही वाटलं नाही.

कंपनीने दंडावर लावलेली पट्टी आजार थोपवून धरायची. ताप, कावीळ, न्यूमोनिया, सगळंच पुढे ढकललेलं. सुट्टीत पट्टी काढून एकेक आजार भोगून टाकायची सोय होती, पण तांडेल सुट्टीतही कामावरच यायचे.

पहिल्या रांगेत त्यांची बायको शालन हॉस्पिटलची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. खाली अँब्युलन्स उभी होती.

ऑफिसातली मुलगी हळूच म्हणाली, "काका, ओळखपत्र आणि पट्टी जमा करायचीय."

तांडेलांनी बाही वर सारली. "चहा घेऊन काढली तर चालेल?"

"चालेल की."

शालन उठली आणि तिने त्यांचा कप काठोकाठ भरला.