घरात एकाला तरी

आज सांगायचंच, असं उर्वशीनं दवाखान्यातल्या कुंदाताईला कबूल केलं होतं. यवतमाळहून येताना एसटीत तिनं वाक्यं जुळवली आणि घर दिसताच सगळी विसरली.

कुंदाताई समुपदेशक होती, बोलायला तिखट. एचआयव्हीच्या गोळ्या उर्वशीच्या अंगाला लागत होत्या, डॉक्टरांनी मनाच्या गोळ्याही सुरू केल्या होत्या. तरी तिचं जेवण उडालं, झोप उडाली आणि या महिन्यात तिनं सगळ्याच गोळ्या बंद केल्या. कायले जगायचं, एवढंच म्हणायची. कुंदाताईनं आधी झापलं, मग जवळ घेतलं. घरात एकाला तरी सांग, एकटीनं सोसशील तर मरशील, असं तोंडावर म्हणाली.

गावात कोणाला तिच्या आजाराची शंका नव्हती. त्या वर्षांत कापसानं जिल्ह्याची अशी वाट लावली होती, की कोणी गप्प बसलं तरी लोक कापसालाच बोल लावत.

आणि घरात होतं कोण? एक सासू. खरं सांगायचं तर तुळसाबाईसारखी सासू शोधून सापडायची नाही. हुंडा घेतला नाही. नातवाचं कधी नाव काढलं नाही. शेजारणी टोचायच्या, तेव्हा हीच त्यांना गप्प करायची. मुलगा धम्मरत्न काविळीनं गेला, तेव्हाही सुनेला पांढऱ्या पायाची म्हटलं नाही. सून जेवत नाही असं दिसलं, त्याच दिवशी तिनं फवारणीचं औषध घरातून हलवलं.

अशा बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं, की तुमचा मुलगा नुसत्या काविळीनं गेला नाही? उर्वशीला स्वतःलाही तो गेल्यावर, तिचं रक्त तपासलं तेव्हाच कळलं होतं. बिचारा काही न कळताच गेला, म्हणून तिला त्याचीच जास्त कीव यायची.

दुपारी दोघी ओसरीत किडक्या बोंडांतून कापूस काढत बसल्या. तुळसाबाईनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. उर्वशीचे हात थांबले.

“आत्याबाई, मले एचआयव्ही हाय. त्यायलेही व्हता. मी गोळ्या सोडल्या.”

आता घराबाहेर काढतील, नाहीतर ऊर बडवून घेतील, म्हणून ती डोळे मिटून बसली. तसं काहीच झालं नाही. तुळसाबाईनं तिला कुशीत ओढलं, पदरानं तोंड पुसलं. मग मात्र उर्वशी हमसून हमसून रडली. कुंदाताई खरंच बोलली होती. या बाईला केव्हाच सांगायला हवं होतं. किती महिन्यांनी तिला जगावंसं वाटलं.

तुळसाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“गोळ्या सोडू नको, पोरी. धम्मरत्नानं सोडल्या, म्हणून तर गेला. लग्नाच्या आधीच डॉक्टरनं आमाले दोघाइले बजावलं व्हतं, एकही गोळी चुकवायची नाही.”