काकूंची स्कूटर

“अहो काकू, हॉलमध्ये स्कूटर?”

गॅरेजवाला दारातच थबकला. काकूंनी त्याला पाने घेऊन बोलावलं होतं, कशाला ते सांगितलं नव्हतं. आत सोफा भिंतीला चिकटलेला, टीपॉय गॅलरीत हद्दपार, आणि मधोमध जुन्या चादरीवर काकांची स्कूटर उघडीबोडकी उभी. कोपऱ्यात वर्तमानपत्रावर तिचं इंजिन.

“मग काय रस्त्यात खोलू?” काकू म्हणाल्या. “बारा-तेराचा पाना आणलास ना? दे इकडे.”

“पण हे इंजिन?”

“भंगारात. मोटर आणि बॅटरी लावतेय. घरात धूर नको.”

गॅरेजवाल्याला हसू आलं होतं, ते त्याने कसंबसं गिळलं. काकूंनी उमेदीची सगळी वर्षं पंख्यांच्या कारखान्यात मोटरींचं वाइंडिंग केलेलं, हे त्याला माहीत होतं. पण पंखा वेगळा आणि स्कूटर वेगळी, बाबा! तरी त्याने पाना दिला. कारण हे कुणासाठी चाललंय ते त्याला उमगलं; काकांचं दुखणं अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं.

काका आतल्या खोलीत पडून असायचे. जन्मभर बस चालवलेला माणूस. झटका आला, अंगाची एक बाजू गेली, आणि त्यांनी घराचा उंबरा ओलांडणंच सोडलं. जावयाने एकदा गाडी अगदी पायरीला लावली. काकांनी नुसती मान हलवली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, शरीर यायचं तेवढं परत आलंय. आता मनाने धरलं नाही, तर माणूस असाच विझत जाईल. काकू घरी येऊन मोरीत तोंड लपवून रडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्याखालची स्कूटर आत ओढून घेतली.

मग रोज संध्याकाळी गॅरेज बंद झालं, की गॅरेजवाल्याचे पाय आपोआप काकूंच्या दाराकडे वळायचे. आधी गंमत म्हणून, मग राहवेना म्हणून. मागच्या चाकात मोटर बसली. सीटखाली बॅटरी अशी चपखल बसली, की कारखान्यातूनच तशी आल्यासारखी. दोन्ही बाजूंना आधाराची चाकं आली. काकूंनी वायरी एकेक करून कापडी पट्टीने गुंडाळल्या. कुठे गाठ नाही, कुठे टोक उघडं नाही. तो खाली बसून बघत राहिला. आपण दिवसाला दहा गाड्या खोलतो, पण इतक्या मायेने एकीला तरी हात लावलाय का?

“काकू, तुमच्यापुढे लोटांगण,” तो म्हणाला.

“लोटांगण नंतर. आधी तो तारेचा तुकडा दे.”

एक गोष्ट मात्र त्याच्या डोक्यात शिरेना. “अ‍ॅक्सिलरेटर डावीकडे? सगळ्या जगाचा उजवीकडे असतो.”

“उजव्या हातात आता जोर कुठे राहिलाय?” काकू मान वर न करता म्हणाल्या.

“आणि पाठ टेकायला पुढच्या सीटलाही उशी?”

“कंबर काय एकट्या मागच्यालाच असते?”

वय सगळ्यांचंच होतं.

दुपारी काकू दार लावून घ्यायच्या. स्टँडवर चढवलेल्या स्कूटरचं चाक आत घूं घूं करत फिरायचं, थांबायचं, पुन्हा फिरायचं. मधूनच काकूंचा आवाज यायचा, “हळू... आता ब्रेक... अस्सं!”

“बिचारी स्वतःशीच बोलते,” गॅरेजवाल्याची बायको म्हणाली. “अहो, हॉलमध्ये उभ्या गाडीवर कुणी शिकतं का? त्यांनी उभ्या जन्मात सायकलसुद्धा चालवलेली नाही!”

तोच घोर त्यालाही लागला होता. “काकू, मैदानात चला, मी शिकवतो. मागे आजारी माणूस बसणार. उद्या तोल गेला म्हणजे?”

“तू तुझं गॅरेज सांभाळ,” काकू म्हणाल्या. पण हसत म्हणाल्या.

नवल म्हणजे, तिकडे काका बदलत होते. ते उठून बसायला लागले. गालांवरचे दाढीचे खुंट गेले. एकदा तर गॅरेजवाल्याने त्यांना काकूंवर ओरडताना ऐकलं, “अगं, वळण घेताना आधी वेग कमी करायचा!” बायकोला शिकवण्याच्या निमित्ताने का होईना, माणूस बोलायला लागला. गॅरेजवाल्याचा ऊर भरून आला. एका बाईने एकटीने, पाना आणि तार घेऊन, मेल्यासारख्या पडलेल्या माणसात जीव ओतला होता. देव कसा दिसतो ते त्याला ठाऊक नव्हतं, पण त्याचे हात असेच काळे असणार, असं त्याला वाटलं.

रविवारी सकाळी काकूंनी निरोप धाडला. समोरच्या मैदानाला एक फेरी मारायची, काकांना बाहेर आणायला या.

झाडून सारी इमारत खाली उतरली. स्कूटर उन्हात अशी चमकत होती, की पोरंसुद्धा हात लावायला बिचकत होती. गॅरेजवाला आणि दोन शेजारी काकांना खुर्चीसकट घेऊन आले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ओठ घट्ट मिटलेले, डोळे समोर मैदानावर. गॅरेजवाल्याने खुर्ची मागच्या सीटजवळ नेऊन टेकवली.

“काकू, अजून सांगतो, जमेल ना? नाहीतर मी बसतो हँडलवर.”

चपला सावरत काकू आल्या, त्याच्या खांद्याचा आधार घेतला, आणि मागच्या सीटवर चढून ऐसपैस बसल्या.

“आता बघत काय उभा राहिलास?” त्या म्हणाल्या. “ड्रायव्हरला बसव पुढे.”