चाळणीतली हाक

शिंपीकाकांनी पिठाच्या चाळणीत मधोमध वायफायचा डोंगल बांधला, त्याची वायर जुन्या लॅपटॉपला जोडली आणि चाळणी खिडकीतून मागच्या गल्लीतल्या घराकडे रोखली. ते घर पूर्वी त्यांचंच. काकू गेल्यावर वायफायसकट विकलं आणि ते आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं आले.

"काका, डबा कधीचा आणून ठेवलाय मी, पार गार झाला. आणि फुकटचं नेट कसलं ओढताय? नव्या लोकांनी पासवर्ड बदलला असणार."

"बदलू देत की. मला कुठे आत शिरायचंय? नाव तेवढं दिसलं की झालं." त्यांनी चाळणी केसभर डावीकडे सरकवली.

वायफायचं ते नाव काकूंनी ठेवलेलं. नवरा, मुलं, सगळीच मोबाईलमध्ये मुंडी घालून बसायची. हाका मारमारून काकूंचा घसा बसायचा. शेवटी वैतागून त्यांनी वायफायलाच कामाला लावलं होतं.

स्क्रीनवर रेंजची एक काडी उमटली आणि शेजारी नाव आलं: 'ताटं वाढलीत, या'.



"आलो गं, आलो," म्हणत काका हात धुवायला उठले.