जांभळी चौकट

बगळा शहाण्या मुलासारखा एका पायावर उभा होता, तरी फोटो काही केल्या धड येईना.

"आणा इकडं, बघू," सिद्धांत म्हणाला. वहिनीच्या हातातला कॅमेरा आपल्याकडं वळवून त्यानं फोटो मोठा करून पाहिला. उजेड बरोबर साधला होता, पिसं जळून नुसती पांढरीफटक झाली नव्हती. पण बगळा सगळा पुसट, आणि त्याच्या मागचं पाणी मात्र लख्ख.

"वैनी, बगळा सोडून पाण्याचा फोटो काढालाय तुम्ही."

"मी बगळाच धरला होता," गौतमी म्हणाली. "ही चौकटच पळते तिकडं."

कॅमेरा तिच्या नवऱ्याचा, लोकेशचा, पुढची हातभर लांबीची लेन्सही त्याचीच. पावसाळ्यात एका सकाळी तो पक्ष्यांचे फोटो काढायला म्हणून हुबळीहून निघाला आणि परत आला नाही. कलघटगीच्या वाटेवरच्या या तळ्याच्या बांधावर त्याची स्कूटर सापडली, शेजारी तिकाटण्यावर हा कॅमेरा तसाच उभा. तळ्यात गळ टाकले, पाणबुडे उतरले, हाती नुसता चिखल लागला. मग लोकांच्या जिभेला हाड कसलं? कुणाला तरी घेऊन गोव्याला पळाला म्हणे. आधी हे ऐकून गौतमीच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. आता ती त्याच बोलण्याला धरून होती. असू दे बापडा कुणाबरोबर, पण असू दे. भावकीतल्या लोकांनी त्याला गेला समजून पुण्यानुमोदनाचा विधी उरकून घ्या म्हटलं, तेव्हा सासू बाळाबाईनं त्यांच्या तोंडावर दार लोटलं होतं, आणि आतून कडी घालायला सुनेचाच हात पुढं झाला होता.

आज तिला इथं आणलं होतं ते सिद्धांतनं, लोकेशच्या धाकट्या भावानं. लेन्स कपाटात पडून राहिली तर काचेला बुरशी धरते. अण्णानं मला शिकवलं, मी तुम्हाला शिकवतो, असं तो आठवडाभर मागं लागला होता.

तिनं पुन्हा डोळा लावला. बगळ्याच्या डोळ्यावर हिरवी चौकट आली, म्हणजे कॅमेऱ्यानं तो नेमका धरला. बटण दाबणार तोच ती विझली आणि मागं, मोकळ्या पाण्यावर, जांभळी चौकट उमटली. नखाएवढी.

जांभळी चौकट म्हणजे ओळखीचा चेहरा, एवढं गौतमीला ठाऊक होतं. या कॅमेऱ्याला चेहरे शिकवून ठेवता येतात, आणि शिकवलेला चेहरा दिसला की तो बाकीचं सगळं टाकून त्याच्याकडं धावतो. लोकेशनं एकच चेहरा शिकवला होता, तो स्वतःचा. स्वारीचं स्वतःवर भारी प्रेम. माझा का नाही, म्हणून ती तेव्हा फुगून बसली होती.

"सिद्धू, समोर कोणी नसताना येते काय रे ही जांभळी चौकट?"

"चुकतंय ते कधी कधी. झाडाच्या खोडाला माणूस समजतंय."

"आणि पाण्याला?"

सिद्धांतनं पाण्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "बगळ्याकडं ध्यान द्या," तो म्हणाला, पण त्याचा आवाज पडला होता.

रस्त्यावर बसनं हॉर्न दिला आणि बगळा उडाला. पाण्याच्या कडेनं जाऊन तो कुठं उतरतो, हे बघायला सिद्धांत बांधावरून पुढं गेला. पाण्याच्या काठाशी उभ्या गौतमीनं लेन्स हलवली नाही. चौकट तिथंच होती. ती आता नखाएवढी राहिली नव्हती.

तिनं डोळा बाजूला घेऊन नुसतं पाहिलं. धुकं, कमळाची पानं, पलीकडच्या काठावर पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी. मधल्या पाण्यावर काही नव्हतं, साधी लाटसुद्धा नव्हती. परत डोळा लावला तर चौकट काडेपेटीएवढी झालेली. चेहरा जवळ येईल तशी ती वाढते, हेही लोकेशनंच तिला एकदा कौतुकानं दाखवलं होतं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तरी तिनं डोळा काढला नाही.

चौकट वाढत राहिली. सावकाश, एका लयीत, पाण्यातून चालणाऱ्या माणसाला जितका वेळ लागेल तितक्या वेळानं. मग ती सगळ्या भिंगभर पसरली आणि आत काही दिसेनासं झालं. नुसता ओलसर, मातकट धूसरपणा. लेन्स गुरगुरायला लागली. मागं पुढं, मागं पुढं. तिला काहीतरी धरायचं होतं आणि ते धरता येत नव्हतं.

तो आवाज बांधावर सिद्धांतला ऐकू गेला. "वैनी, काय तरी लई जवळ आलंय समोर," तो तिथूनच म्हणाला. "फांदी असंल, न्हाईतर गवत. इतक्या जवळचं ही लेन्स धरत न्हाई. चार पावलं मागं या, मग साफ दिसंल."

साफ दिसलं की संपलं. मग गोवा नाही, दुसरी बाई नाही, घरी बाळाबाईच्या दाराला कडी नाही. गौतमीला ते लख्ख कळलं, आणि जन्मात कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

"वैनी, मागं या की."

कॅमेरा डोळ्यावर तसाच ठेवून तिनं पुढं पाऊल टाकलं. चपलेत पाणी शिरलं. समोरचं सगळं आणखी धूसर झालं, आणि तिनं दुसरं पाऊल टाकलं.