ऐनाच्या झाडापुढे

भाग्येश ऐनाच्या झाडापुढे गुडघे टेकून बसला आणि बोलायची वेळ आली तशी त्याची जीभच उचलेना. बुंध्याशी वाघोबा देवाची लाकडी फळी उभी होती. शेंदरानं माखलेली, वर कोरलेले चंद्र-सूर्य. मागे वीस पावलांवर जिवल्या भगत बिडी ओढत बसला होता. त्याच्या शेजारी लाडकी, काखेत देवाला द्यायची कोंबडी धरून. सकाळीच जिवल्यानं पाण्यात तांदळाचे दाणे सोडून कौल पाहिला होता. "तुझे गल्यात कायतरी अडकलाय," तो म्हणाला होता. "तोंडानं बोल. मंग सुटल."

भाग्येशला ते फार आवडलं होतं. त्याला असाच देव हवा होता. ऐकून घेणारा आणि उलट काही न विचारणारा.

दीड वर्ष तो देव शोधत हिंडत होता. गावाकडे, परभणीला, गुरुजींनी शांत केली. त्यात शांती मिळाली ती गुरुजींना. मग दहा दिवस मौन धरून बसला. अकराव्या दिवशी नोकरीच्या गावी, बोईसरला उतरला तो होता तसाच. मग निसर्गधर्मांचा नाद लागला. युरोपातल्या जुन्या लोकांचे वृक्षदेव, जपानचे डोंगरदेव, सगळं मोबाइलवर वाचून काढलं. पौर्णिमेला एडवणच्या किनाऱ्यावर मुंबईची काही मंडळी अनवाणी गोल करून धरतीमातेला हाका मारत. त्यांच्यातही दोनदा जाऊन आला. धरतीमाता तिथं सगळ्यांना हातोहात माफ करायची. भाग्येशचं तेवढ्यानं भागलं नाही. नकलेपेक्षा अस्सल गाठावं म्हणून आपण या वारली पाड्यावर येतो, असं तो स्वतःला सांगत होता.

हे खोटं होतं. पाडा त्यानं ठेकेदाराच्या रजिस्टरमधून शोधला होता. कमलेश, वय तेवीस, आणि पुढे पत्ता.

कमलेश कारखान्यात टाकी साफ करायला उतरला आणि वर आला तो चौघांच्या हातांवर. भाग्येश त्या पाळीचा इन्चार्ज होता. माणूस उतरवण्याआधी आतला गॅस तपासायचा असतो. तपासायचं यंत्र कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली दुसऱ्या इमारतीत. कोण जाणार? भाग्येशनं परमिटवर 'तपासला' अशी खूण केली आणि सही ठोकली. संध्याकाळी वरून निरोप आला, तसा त्यानं अहवाल लिहिला. कामगार दारू प्यायलेला होता आणि कुणाला न विचारता टाकीत उतरला. त्या कागदाखालीही त्याचीच सही.

मयत पाड्यावर आणली तेव्हा लाडकी गाडीच्या दाराला धरून ओरडत होती, "माजा पोर पीत नाय! कुनालाबी विचारा, पीत नाय!" लाडकी कमलेशची आई. पण कागद साहेबांनी लिहिलेला, त्यापुढे तिचं कोण ऐकणार? पिऊन मेला तो कमलेश, असंच आजूबाजूच्या पाड्यांवर झालं.

आणि याच लाडकीच्या ओटीवर भाग्येश दर रविवारी येऊन बसायचा. आजचा अकरावा. पाड्यावर सगळ्यांना अरेतुरे, साहेब नाही की सर नाही, हेही त्याला आवडायचं. लाडकी तांब्याभर पाणी द्यायची, नाचणीची भाकरी वाढायची. तो ती संपवायचा, निसर्गाबद्दल चार प्रश्न विचारायचा आणि निघून जायचा. माणसानं भित्रं असावं, पण किती!

आज मात्र तो बोलला. कपाळ बुंध्याला टेकवून, मागे ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

"गॅस मी तपासला नाही. तो प्यायलेला नव्हता. मी खोटं लिहिलं."

एकदा सुरुवात झाल्यावर सगळंच आलं. किल्ली, खूण, निरोप, सही. झाडानं ऐकून घेतलं. वाऱ्यानं पानं हलली तेव्हा भाग्येशला हुंदका फुटला. तो उठला तेव्हा छातीवरचं ओझं खरोखर उतरलं होतं. दीड वर्षात पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास घेता आला. सापडला एकदाचा आपला धर्म, असं त्याला वाटलं. गुडघ्यांची माती झटकून तो वळला.

"बोल्लास?" जिवल्यानं विचारलं.

"बोललो. सगळं सांगितलं."

"कमलेशचा पन?"

आपण कुठं काम करतो हेसुद्धा भाग्येशनं इथं कुणाला सांगितलं नव्हतं.

"मयत आनली त्या गाडीत तू पुडं बसलेलास," जिवल्या शांतपणे म्हणाला. "उतरला नाय. काचेतनं बगत होतास. हिनं तवाच तुजा तोंड बगून ठेवला. पयल्या रविवारी तू आलास तं पोरं मारायलाच उठली. ही बोल्ली, हात नका लावू. तो सांगाया आलाय. सांगू दे त्याला."

अकरा रविवार. भाग्येशला लाडकीकडे बघवेना. तिनं कोंबडी खाली सोडून दिली आणि ती चालत त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. ती नुसती वाट पाहत होती.

"मी... मी देवापुढे सगळं कबूल केलं," तो चाचरत म्हणाला. "झाडाला सांगितलं."

"झाडाला काय सांगतोस?" लाडकी म्हणाली. "झाडाचा पोर नाय मेला."