तुळई भिंतीपाशी थांबली

देव्हाऱ्यातली घंटा आपली आपणच किणकिणली आणि आक्कांचा जपमाळेवरचा हात थबकला. मांडणीवरची भांडी थरथरली, वर कौलं खळखळली, खांब आपापल्या दगडी तळखड्यांवर जरासे डुलले. मग सगळं गप्प.

"कोयनेकडचा हाय. गेला बग," प्लॅस्टरमधला पाय लांब करून बाजल्यावर पडलेले त्यांचे यजमान पिराजी म्हणाले.

"व्हय, गेला," आक्का म्हणाल्या. पण त्या अजून कान देऊन होत्या.

डोक्यावरची तुळई एकाच झाडाची होती. इकडच्या भिंतीपासून निघायची, मधल्या भिंतीतून धाकट्या दिराच्या, सम्राटच्या, वाट्यात जायची. दोन घरं झाली तरी तुळई एकच राहिली होती. धक्का बसला की ती या टोकापासून त्या टोकापर्यंत कुरकुरत जायची. लग्न होऊन आल्यापासून आक्कांनी तो आवाज ऐकला होता. आज कुरकुर मधल्या भिंतीपाशी आली आणि तिथंच मेली.

त्यांनी कोनाड्यातली लाकडी मोगरी घेतली. धक्का बसला की चहाच्या आधी सैल झालेल्या पाचरी ठोकून घ्यायच्या, ही सासऱ्यांची शिस्त. हलतं घर टिकतं, असं म्हणत सासऱ्यांनी घराला कुठं लोखंडी खिळा म्हणून लावू दिला नव्हता. आक्का ठोकत होत्या, पण मन पलीकडं होतं. शिमग्यानंतर तिकडं कामगार लागले होते. करवत चालायची. "फर्निचर करतोय," असं जाऊबाईनं, वर्षाराणीनं, सांगितलं होतं आणि मधल्या दाराला आतून कडी लावून घेतली होती. सम्राटला स्लॅबचं घर हवं होतं, हे गावाला ठाऊक होतं. मध्ये तुळईच आडवी येत होती.

तिकडून कापली असेल तर इकडचं टोक कशाच्या आधारावर होतं? आक्कांनी वर पाहिलं, मग खाली. तुळईच्या बरोबर खाली पिराजींचं बाजलं होतं.

"जरा अंगणात बसता का? मी धरते."

"ह्यो पाय घिऊन? मला उचलायला चार गडी लागतील. तवर घरच चालत भाईर जाईल," पिराजी हसले. "वर काय बगाय लागलीस?"

"धूळ पडली." खरं सांगितलं असतं तर पिराजींचा आवाज एसटी स्टँडपर्यंत गेला असता.

शुक्रवार होता. आक्कांनी देवीपुढची गूळ-फुटाण्यांची वाटी उचलली. 'निमित्ताला नेतेय, पोटात घाल,' असं अंबाबाईला मनातल्या मनात म्हणून त्या अंगणातून पलीकडच्या दाराशी गेल्या.

वर्षाराणीनं दार अर्धंच उघडलं. "आत्ता? न्हेमी सांजचं आणतायसा की."

"आज लवकर आटपलं."

"द्या हितंच. आत पसारा हाय."

"मी काय पावणी हाय व्हय गं?" आक्का हळू आवाजातच बोलल्या, पण बोलता बोलता उंबरा ओलांडून गेल्या.

आत गेल्या गेल्या त्यांनी मान वर केली. तुळई होती. अख्खी होती. तिला तर नवं पॉलिशही केलेलं होतं. आक्कांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी नजर खाली घेतली आणि ती खांबाच्या पायथ्याशी अडली. तळखडा दिसतच नव्हता. गुडघाभर सिमेंट ओतून खांब जखडला होता, वरून फरशी चिकटवली होती. वर तुळईला लोखंडी पट्ट्या, जाडजूड बोल्ट. मधल्या भिंतीवर कॅलेंडर होतं, आणि त्याच्याखाली जमिनीवर पांढरी भुकटी सांडली होती.

"कॅलेंडर नवीन?"

"जुनंच हाय. जागा बदलली."

आक्कांनी कॅलेंडर बोटानं बाजूला सारलं. मागं भेग होती. ताजी, खालपासून वरपर्यंत.

"आता बगितलंच हाय तर आयका," वर्षाराणीचा आवाज चढला. "धक्का बसला की तुमचं ठक ठक सुरू. मला काय कळत न्हाय व्हय? भिंत खिळखिळी करायची आणि आमास्नी हितनं हुसकायचं."

"आणि मला वाटलं, तू तुळई कापलीस."

"मी? सवताच्या डोक्यावरची?"

आक्कांनी खांबाच्या बुडाला चिकटवलेल्या फरशीवर बोट टेकवलं.

"खांबाला सिमेंट कशाला गं घातलंस?"

"हलायचा की ओ त्यो! रातचं भ्या वाटायचं. मिस्त्री म्हणला, एकदा आवळला की घोर मिटला."

आक्का काही बोलणार तोच पुन्हा धक्का आला, पहिल्यापेक्षा हलका. पलीकडून कुरकुर निघाली. खांबाखांबावरून, पाचरीपाचरीतून जवळ जवळ येत गेली आणि भिंतीशी थांबली. या बाजूला काहीच हललं नाही. फक्त कॅलेंडरमागं चर्रर्र झालं, आणि पांढरी भुकटी आक्कांच्या हातातल्या वाटीत पडली.

"अगं ए," पलीकडून पिराजी ओरडले, "घर हाय का गेलं?"



वर्षाराणीनं वाटीतला एक फुटाणा उचलला. त्याच्यावर फुंकर घातली, कपाळाला लावला, तोंडात टाकला. चावता चावता खांबाच्या बुडाकडं बघत राहिली.

"आक्का," ती म्हणाली, "छिन्नी हाय काय तुमच्याकडं?"