दोन हॉर्न

उंद्री-चिखली बसचा रूट नव्या कंपनीकडे गेला. चकचकीत गाड्या आल्या, गावानं नारळ फोडला. ड्रायव्हरही कंपनीचेच आले आणि जुना ड्रायव्हर राजकुमार घरी बसला. आंधळ्या मायला, अंबूबाईला मात्र त्यानं सांगितलं, "माय, मले नवी गाडी भेटली."

आधी गाडी घेऊन घरासमोरून जाताना तो दोनदा हॉर्न वाजवायचा आणि अंबूबाई आतून हात जोडायची. आता नव्या ड्रायव्हरच्या हातापाया पडून त्यानं तेवढे हॉर्न मागून घेतले होते. रोज सकाळी चपला वाजवत तो निघायचा आणि वळसा घालून मागच्या गोठ्यात दडून बसायचा.

आजही गाडी आली, दोनदा हॉर्न वाजला. अंबूबाईनं हात जोडले. मग भाकर घेऊन, भिंत चाचपत ती गोठ्यापाशी आली.

"राजू, गाडी गेली बाप्पा. आता जेवून घे."